सांतानची घंटा

घंटा वाजली आणि चर्चमधल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. ही तर मयताची घंटा! वाडीत कुणी आजारीसुद्धा नव्हतं. आज नव्या पाद्र्याचा पहिला रविवार, म्हणून सगळे नटूनथटून आलेले.

पाद्री इनास वेदीपाशी उभा होता. घंटा त्यानेच वाजवायला सांगितली होती.

"माझी ओळख करून देतो," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "ही घंटा माझ्या वडिलांची आहे." मग ती मराठी गळून पडली. "सांतान फेर्नांदीचो झिल मी. वळाखलात माका?"

ओळखलं. कोण विसरणार? पंचवीस वर्षांपूर्वी गुड फ्रायडेला सांतान दर्यावर गेला आणि होडी तेवढी पालथी होऊन परत आली. मढं मिळालं नाही. चर्चचा कारभारी बस्त्यांव गांवकार. त्याने मयताची घंटा वाजवायला आधी टाळाटाळ केली, चार दिवस गावात दिसला नाही, आणि आल्यावर म्हणाला, अशा दिवशी जो दर्यावर गेला त्याला घंटा नाही. घंटा नाही, म्हणून मयताच्या प्रार्थनेचा मिस्सा नाही, दुखवट्याला माणूस नाही. सांतानची बायको आंजेलीन पोराला घेऊन मुंबईला गेली. परक्यांची भांडी घासून तिने त्याला वाढवलं.

पोरगा पाद्री झाला तेव्हा लोक म्हणाले, देवाने हाक मारली. कसली हाक! त्याला हीच वाडी हवी होती. बिशपांच्या मागे लागून लागून त्याने ती मिळवली. क्षमा करणं देवाचं काम, ते देवाने करावं.

"बस्त्यांव गांवकारांनू, उठा. तो बाक माझ्या आवशीचो. तुमी दारात जावन बसा."

पहिल्या बाकावरचा म्हातारा काठी टेकत उठला. सगळ्यांच्या देखत तो दारापर्यंत चालत गेला, आणि त्याला हात द्यायला कुणी पुढे झालं नाही. मागे बसलेली काळ्या कपड्यांतली आंजेलीन पुढे येऊन त्याच्या जागेवर बसली. इनासला फार फार बरं वाटलं.

मिस्सा संपल्यावर तो आतल्या खोलीत झगा उतरवत होता. बस्त्यांव आला.

"माफी मागूक इलास?"

"नाय." म्हाताऱ्याने दार लोटून घेतलं. "सांतान बुडूक नाय, बाबा. होडी तेनाच पालथी करून सोडल्यान. कारवारेक दुसरी बायल करून ऱ्हवलो. मी थंय जावन डोळ्यांनी बघून इलंय. अजून जितो आसा. जित्या माणसाची घांट कशी मारतलंय?"

"मग सांगलास नाय कित्याक?"

"घोवान टाकलेली म्हणान वाडीन तिका जगूक दिली नसती. रांडाव, विधवा म्हणान मान तरी ऱ्हवलो. शिव्यो काय, माका पचतत."

तेवढ्यात दार उघडलं. दारात आंजेलीन उभी होती. आईचा चेहरा इतका उजळलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता. तिने म्हाताऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मागल्यान माफी?" तिने मुलाला विचारलं.

इनासने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

बस्त्यांवने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. "मागलंय गो, आंजेलीन. चुकलंय."