माझ्या सांगण्यावरून

बॉयलरच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यात शिरला, तेव्हा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर एकटीच होती. साहेब वरच्या हॉलमध्ये 'उत्तम नेता कसा असावा' या प्रशिक्षणाला बसलेले, फोन उचलेनात. तिने तिसऱ्यांदा फोन लावला तोवर काटा आणखी पुढे सरकला. शेवटी मनाचा हिय्या करून तिने लाल बटण दाबलं आणि अख्खा कारखाना थंड पडला.

दहा मिनिटांनी साहेब आले. त्यांनी रजिस्टर ओढलं, 'बॉयलर माझ्या सांगण्यावरून बंद केला' असं लिहून सही केली आणि थेट मालकांच्या केबिनकडे गेले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॉयलर तपासून आलेले फिटरकाका दारातच उभे होते.

"पाहिलंत ना काका? जीव माझा टांगणीला, आणि श्रेय यांनी लाटलं. वर हेच शिकवतात वाटतं."

"कसलं श्रेय, पोरी? बॉयलर ठणठणीत आहे, मीटरच बिघडलाय. दिवसभराचा माल फुकट गेला."

तिने रजिस्टरमधली ती ओळ पुन्हा वाचली.

"साहेब इकडे येत होते, तेव्हाच मी त्यांना हे जिन्यात सांगितलं होतं," काका म्हणाले.