कडू घास

तव्यावरून उतरलेली भाकरी साखरबाईंनी मधोमध मोडली. अर्धी लेकीच्या ताटात ठेवली, अर्धी स्वतःच्या. नवऱ्याच्या ताटात अख्खी पडली, वर भात.

"माधवीला भात?" आबांनी विचारलं.

"रातचा भात निस्ता चरबी हुतो."

"आई, भात रात्री खाल्ला काय आणि दुपारी काय," माधवी म्हणाली. "दिवसभरात खाल्लं किती आणि हातपाय हलवले किती, त्यावर असतं सगळं. आणि अर्धपोटी राहून उतरलेलं वजन टिकत नाही. दुपटीनं परत येतं."

"व्हय का? तुझ्या पुस्तकांनी कुणाचं लगीन जमवलंय का आजवर?"

आबा हसले. माधवीही हसली. इंदापूरच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती, तिशीला टेकली होती. बारामतीच्या स्थळानं तिला पसंत केलं होतं, फक्त थोडी बारीक झाली तर बरं, असा निरोप होता. तेव्हापासून पहाटे अंधारातच आई तिला कॅनॉलच्या भरावावरून चालायला नेई. लेकीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतःही चाले. उसाच्या ट्रॉल्या शेजारून कारखान्याकडं जात. काट्यावर वजन भरावं म्हणून सगळं बावडा गाव देवाला हात जोडायचं. एक माधवीचं तेवढं कुणाला नको होतं.

जेवण झाल्यावर आईनं तिच्या हातात पेला दिला. कोमट पाणी, लिंबू आणि गूळ.

"साखर बंद केलीस आणि गूळ घालतेस? दोन्ही सारखंच की."

"सारखं कसं? साखर कारखान्याची. गूळ आपल्या गुऱ्हाळातला. घरचं अंगाला लागत न्हाय."

"नाव साखरबाई आणि डब्यात साखरंचा दाणा न्हाय," आबा म्हणाले. "मला चहा तरी गोड दे."

माधवीनं पेला संपवला. आईनं तो तिच्या हातातून घेतला, तळाशी राहिलेला गुळाचा खडा बोटानं काढून स्वतःच्या तोंडात टाकला आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सडा टाकता टाकता आई खाली बसली, ती उठली नाही. इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारी तिला घरी आणली आणि उन्हं कलायच्या आत नेलीही.

दिवस मावळताना डाळजहून फुलामावशी कडू घास घेऊन आली. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी आणायची, घरच्यांनी नको म्हणायचं आणि सोयऱ्यांनी हाताला धरून खायला लावायचं, अशी रीत.

आबांनी नको म्हटलं.

"दाजी, दोन घास तरी. ताईला बरं वाटंल का असं?" मावशीनं त्यांच्या पुढ्यात बसून भाकरी कुस्करली, वर पिठलं ओतलं. आबा मान खाली घालून जेवू लागले.

मग मावशी माधवीकडं वळली. ताटात चतकोर भाकरी ठेवली, बोटभर पिठलं.

"अगं, घाल की पोरीला," शेजारच्या भामाबाई म्हणाल्या. "सकाळपासनं पाण्याचा थेंब न्हाय तिच्या पोटात."

"नगं. ताईनं परवाच फोनवर बजावलं हुतं. जमत आलंय, आता ताट सैल सोडायचं न्हाय, म्हनली." मावशीनं डोळ्यांना पदर लावला. "आता तर वर्साच्या आत उरकाय पायजे. न्हायतर तीन वर्सं थांबा."

"ते बी खरंच," मागून कुणीतरी म्हणालं.

"माधवी, तू काळजी करू नगंस. उद्यापासनं मी हितंच ऱ्हाते. पहाटं चालायला बी मीच येते. ताईचं राहिल्यालं काम आता माझ्याकडं." मावशीचा हात तिच्या पाठीवर होता. मायेचा होता, आणि निघत नव्हता. "तू बारीक झालीस की तिच्या जिवाला शांती मिळंल बघ."

बायकांनी माना हलवल्या. उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीनं बसल्या होत्या त्या. उठायचं म्हटलं तरी पाय ठेवायला जागा नव्हती. माधवीची पाठ भिंतीला टेकली होती.

पिठल्यात लसूण जरा जास्तच पडला होता. त्याचा वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. आईला पोचवून आलेल्यांचे पाय अजून ओले होते आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"खा," मावशी म्हणाली. "कडू घास हाय. न्हाय म्हनू नये."

"भाकरी वाढ मावशी," माधवी म्हणाली.

मावशीला नीट ऐकू आलं नसावं. "काय गं?"

"अख्खी वाढ. मला भूक लागलीय."

आबांचा हात ताटात थांबला. मावशीनं आधी भामाबाईंकडं पाहिलं, मग माधवीकडं. "अगं, आजच्या दिवशी असं..."

माधवी तिच्याकडं पाहतच नव्हती. आईला जिथं निजवलं होतं, तिथं पिठावर पणती ठेवली होती. ती तिकडं वळली.

"रोज लागायची गं, आई."