डावी दांडी

शेवटची तार जोडायची राहिली होती. उज्वलाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि सोल्डरिंगचं तापलेलं टोक बोर्डावर टेकवलं. पैठण्यांना फॉल लावून लावून तिचे हात बारीक कामाला सरावलेले होते. तरी आज तिने श्वास रोखून धरला.

शेखर शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसला होता. दिवाळीनंतर त्याला झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. रिमोटचे संकेत झेलून हौसेच्या छोट्या विमानाला वळवणारा काडेपेटीएवढा रिसिव्हर तो घरीच बनवत होता. झटका आल्यापासून तो रिसिव्हर टेबलावर तसाच अर्धवट पडला होता. प्रोग्राम त्याने आधीच घालून ठेवलेला, जोडणी तेवढी बाकी. तो बोट दाखवायचा आणि उज्वला जोडायची. चुकलं की तो डाव्या हाताने टेबल ठोकायचा.

"इथंच ना?"

टेबल वाजलं नाही. सोल्डर वितळलं, थेंब नीट बसला, वास उठला. या वासावरून पूर्वी तिने घरात किती कटकट केली होती.

"झालं बघा," ती म्हणाली.

शेखरने बोर्डाकडे पाहिलं आणि तोंड फिरवून तो गॅलरीबाहेर बघत राहिला. त्याला बरं वाटलं की वाईट, तिला कळेना. आताशा काहीच कळायचं नाही. भूक लागलीय की पाठ दुखतेय, सगळं अंदाजाने. अंदाज चुकला की तो डोळे मिटून घ्यायचा. त्या मिटलेल्या डोळ्यांची तिला धास्ती बसली होती.

रविवारी सकाळी संतोष गाडी घेऊन आला. तो शेखरचा विमानं उडवण्यातला जोडीदार. मखमलाबादच्या पुढच्या माळावर त्याने खुर्ची उतरवली, रिसिव्हर विमानाच्या पोटात बसवला आणि रिमोटसाठी हात पुढे केला.

"दे इकडे. मी उडवतो, तू बघ."

शेखरने मांडीवरचा रिमोट सोडला नाही.

"अरे, एका हाताने नाही जमत, तुलाच माहितीय. डाव्या दांडीने वेग आणि शेपूट सांभाळशील. उजवी कोण धरणार? वर-खाली, पंखांचा तोल, सगळं त्या दांडीवर."

शेखर उज्वलाकडे बघत होता.

"मी? अहो, मला काय येतंय त्यातलं?"

तो बघतच राहिला.

"पडेल हां वहिनी," संतोष हळूच म्हणाला. "किती रविवार घातलेत त्याने या विमानात."

"पडू दे," ती म्हणाली आणि खुर्चीच्या उजव्या अंगाला मातीत गुडघे टेकून बसली.

संतोषने पळत जाऊन विमान वाऱ्यावर सोडलं. ते आधी खाली दबलं, मग उचललं गेलं. उज्वलाच्या अंगठ्याखाली उजवी दांडी होती. जरा मागे ओढली की विमान वर, जरा जास्त झाली की शेखर घशातून "हं" करायचा आणि ती हात सैल सोडायची. माळावरून एक मोठं वळण त्यांनी मिळून घेतलं. ती त्याच्याकडे बघू शकत नव्हती. नजर आभाळात अडकली होती. पण त्याचा श्वास तिच्या कानाशी जोरजोरात चालला होता.

जवळच्या धरणाकडून वारा आला. विमान कलंडलं. "हं! हं!" शेखर म्हणाला. तिने घाबरून दांडी उलटीकडे ढकलली. विमानाचं नाक खाली वळलं आणि ते पार पलीकडच्या वाळल्या गवतात गेलं. आवाज जरा उशिराने आला.

"मी आणतो," संतोष म्हणाला.

"नको, मी जाते."

शेखरच्या तोंडाकडे न बघताच ती उठली आणि चालू लागली.

गवत कमरेपर्यंत होतं. सगळं एकसारखं, पिवळं. विमान नेमकं कुठे पडलं, काही समजेना. ती इकडे गेली, तिकडे गेली. कुसळं साडीला चिकटली. डोळे भरून आल्यामुळे होतं तेवढंही दिसेनासं झालं.

तेवढ्यात कुठेतरी चिरचिरल्यासारखं झालं. किडा असेल, असं तिला वाटलं. पुन्हा झालं. एकदा, थांबून परत एकदा. मग तिला उमगलं. शेपूट हलवणारी ती बारकी मोटर होती.

तिने मागे वळून पाहिलं. लांब, चढावर खुर्ची दिसत होती; तिथून विमान पडलेली जागा दिसत असणार. संतोष बाजूला उभा होता आणि रिमोट शेखरच्या हातात होता.

ती उजवीकडे निघाली. आवाज घाईघाईने वाजायला लागला, रागावल्यासारखा. ती थांबली आणि डावीकडे वळली. तो सावकाश झाला. ती तशीच चालत गेली. वाट चुकली की तो घाई करायचा, बरोबर असली की शांत व्हायचा. पावलागणिक तो जवळ येत गेला.

विमान उताणं पडलं होतं. एक पंख मुळापासून तुटला होता, नाकाचा चुरा झाला होता. उघड्या पोटातला रिसिव्हर मात्र जागच्या जागी होता, आणि शेपूट हलत होती. डावीकडे, उजवीकडे.

हात वर करून सापडल्याची खूण करायला हवी होती. तिने हात वर केला नाही. ती विमानापाशी खाली बसली.

गवतात ती दिसेनाशी झाली, तशी शेपूट पुन्हा घाईघाईने हलू लागली. थांबेचना.

"आहे हो," उज्वला त्या शेपटीला म्हणाली. "इथंच आहे मी."