डावा पीळ
पुलाच्या चढाला लागताच इंजिनानं तिसरा आचका दिला आणि गाडी बंद पडली. भर दुपारचे बारा, आजूबाजूला चिटपाखरू नाही. रामलिंग मिस्त्रीनं हँडब्रेक गच्च ओढला.

"बघा मामा," शेजारी बसलेली सुकन्या म्हणाली, "सगळ्या मुखेडात नीट चालते. बंद पडते ती इथंच. बाबा गेले तिथंच."

मागच्या वर्षी याच चढावर ही जुनी गाडी बंद पडून मागं घरंगळली आणि नाल्यात गेली. आत होते रामकिशन गुरुजी, सुकन्याचे वडील. उभ्या जन्मात दारूला न शिवलेला माणूस! पण गाव कसलं गप्प बसतंय? म्हणे, गुरुजी पिऊन होते. आता म्हणतात, त्यांचा जीव पुलावर अडकलाय. सुकन्याची आई तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. गाडी तेवढी पत्रा ठोकून पुन्हा रस्त्यावर आली.

चावी चालूच होती. डॅशबोर्डाखाली कुणीतरी बोटं मोडावीत तसा आवाज आला. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्.

"दर वेळी होतं हे," सुकन्या पुटपुटली. "बाबाच असतील का हो?"

"भूतबित काय न्हाई पोरी. वायर कुठंतरी सैल हाय, ठिणगी तुटून राहिली." रामलिंग म्हणाला.

वाकून त्यानं आवाजाच्या मागावर हात घातला. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलकडं जाणारी वायर लागली. मधेच जोड होता. नुसता पिळलेला, वर टेपही नाही, सायकलच्या ट्यूबची सैल चिंधी तेवढी. चढाच्या तोंडाशी खड्ड्यात हिसका बसला की जोड सुटायचा आणि इंजिन गप्प.

रामलिंगनं जोड चाचपला. पीळ डावीकडं होता. मुखेडात डावखुरा मिस्त्री एकच.

त्यानं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. गुपचूप तोडून खिशात टाकला तर? कोण विचारणार होतं? नाव घ्यायला भूत होतंच की गावाला.

"काय सापडलं मामा?" सुकन्यानं विचारलं. "सांगा ना. आईला काय सांगू?"

तो वर आला. तिच्याकडं बघायची हिंमत होईना, डोळ्यातलं पाणी थांबेना.

"आईला सांग, गुरुजी पिले नव्हते," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी हा जोड मीच मारला. पिऊन मी होतो."