टॅब जमा

शाळांच्या टॅबच्या दुरुस्ती केंद्रात दुरुस्तीवाल्याने टॅब उलटा केला, मागचा बारकोड यंत्राखाली धरला आणि समोरच्या पडद्यावर आलेल्या प्रश्नाला न वाचताच 'हो' करून टाकलं. दिवसाला दीडशे टॅब हाताखालून गेले की माणूस वाचत बसत नाही. मग मान वर करून त्याने विचारलं, "काय झालंय याला?"

"कोपऱ्यात काच तडकलीय," आई म्हणाली. "हिच्या बोटाला लागते. तेवढी बदलून द्या, आम्ही थांबतो."

शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलीने काउंटरवरून हात घालून टॅब आपल्याकडे ओढला आणि त्यावरचे शब्दांचे दोन चौकोन दाबले.

"काका. हळू," टॅब बोलला. आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा, एकदम शिस्तीचा.

दुरुस्तीवाला हसला. "मलाच दम देते होय?"

"सगळ्यांनाच देते," आई म्हणाली. कौतुक तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. "जन्मापासून तोंडातून एक शब्द नाही हो. तीन वर्षांपूर्वी शाळेने हा दिला. तिच्या बाईंनी आणि मी एकेक शब्द बसवला त्यात. आता घरात हिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. काल बापाला म्हणाली, घोरू नको."

रांगेतले दोघेतिघे हसले. दुरुस्तीवाल्याने हसत हसतच आपल्या पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, ही पाचवीत गेली का?"

"हो, परवाच. मोठ्या शाळेत."

"हा टॅब प्राथमिकचा आहे. प्राथमिक संपली की जमा करायचा असतो." त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "आणि मी... माझ्याकडून तो आत्ता जमा झाला."

"झाला तर झाला. परत आमच्या नावावर करा."

"तसं होत नाही. जमा झाला की आपोआप पुसला जातो. पुढच्या मुलाला कोरा द्यायचा असतो ना." त्याने घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटांत."

आईला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिने बटण शोधायला सुरुवात केली. "बंद करते मी. बंदच करून ठेवते."

"चालू केलात की लगेच पुसला जाईल."

"मग थांबवा ना! तुम्हीच केलंत ना हे?"

त्याने केलं होतं, आणि ते त्याला कळत होतं. त्याने मुख्य कार्यालयाला फोन लावला, उभं राहून, हात हलवून समजावून सांगितलं. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, जमा झालेलं रद्द करायची सोयच ठेवलेली नाही, आजवर कोणी मागितलीच नाही. मुलीचं खातं प्राथमिकचं, तेही टॅबबरोबर बंद. माध्यमिककडे नवा अर्ज करा, सहा महिने धरून चाला. शब्द मात्र पुन्हा पहिल्यापासून भरावे लागतील.

सहा महिने. तीन वर्षांपूर्वीचे दिवस आईला आठवले: पोटात दुखतंय की कानात, हे न कळता रात्रभर मांडीवर घेतलेली, स्वतःचाच हात चावणारी मुलगी.

"निदान शब्दांचं पहिलं पान छापून देतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "जरा दे बाळा इकडे."

मुलीने टॅब पोटाशी धरला आणि वाकून दोन चौकोन दाबले.

"नाही. माझा."

रांगेत आता कोणी हसलं नाही. दुरुस्तीवाल्याने काउंटरच्या बाहेर येऊन, गुडघ्यावर बसून, तिच्या हातातल्या टॅबचा फोटो आपल्या फोनवर काढला आणि छपाईयंत्राकडे धावला.

"बोल गं," आई मुलीला म्हणाली. "काहीतरी बोल. काहीही बोल."

मुलीने थोडा विचार केला. "काका. टक्कल," टॅब बोलला. दुरुस्तीवाल्याने पाठमोऱ्यानेच डोक्यावर हात ठेवला. आई हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. चारचौघांत, तोंडावर पदर घ्यायचंही भान न राहता ती रडायला लागली.

मुलीने वर पाहिलं. तिने हे असं रडणं कधी पाहिलं नव्हतं. तिचं बोट लगबगीने टॅबवर गेलं.

"आई," टॅब बोलला.

पुढच्या चौकोनावर बोट टेकेपर्यंत पडदा पांढरा झाला होता. ती दाबत राहिली. मग टॅबवर एक हसरं चित्र आलं आणि आपली भाषा निवडा, अशी सूचना आली.

दुरुस्तीवाला कागद घेऊन आला. रंगीत शाई संपलेली होती, म्हणून काळंपांढरंच. चौकोन होते तसेच, ज्याच्या त्याच्या जागी. त्याने तो कागद मुलीपुढे ठेवला.

मुलीने कागदावरचा एक चौकोन दाबला. काहीच झालं नाही. जोर लावून पुन्हा दाबला. कागद उलटा करून मागे पाहिलं, परत सरळ केला. मग एकापाठोपाठ एक तीन चौकोन दाबून ती आईच्या तोंडाकडे बघत थांबली.

आईने डोळे पुसले आणि तिची बोटं गेली होती तिथला एकेक शब्द वाचला.

"आई," तिने स्वतःलाच हाक मारली. "रडू नको."