शटरची सळई

दुकानामागच्या अंगणात मुकुंदने मेडिकलचं शटर ओढायची सळई घरच्या कुत्रीच्या, चांदीच्या डोक्यात घातली. कुत्री विव्हळत पुन्हा त्याच्याच पायाशी आली. ती हलायची थांबली तरी तो मारत राहिला.

"हिच्या केसांमुळेच पोरीला दमा झाला," तो म्हणाला. त्याची बायको माधवी दारात तीन वर्षांच्या रेवाचे डोळे झाकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या. "कुत्र्याची अ‍ॅलर्जी नाहीये हिला. उलट तान्हेपणी घरात कुत्रं असलं तर पोटात चांगले जंतू वाढतात. पहिल्या वर्षी अँटिबायोटिक किती वेळा दिलंत?"

माधवीने नवऱ्याकडे पाहिलं. पोरगी शिंकली की तो दुकानातून गुलाबी औषध आणायचा. घरचंच मेडिकल असताना डॉक्टर कशाला, म्हणायचा.

"त्यानेच दमा झाला असं छातीठोक सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण त्या औषधाने चांगले जंतूही मरतात आणि दम्याचा धोका वाढतो."

संध्याकाळी माधवी दुकानात गेली. काउंटरपाशी एक बाई तान्हं बाळ घेऊन उभी होती. मुकुंद त्याच गुलाबी औषधाच्या पावडरच्या बाटलीत पाणी घालून ती हलवत होता. "साधी सर्दी आहे. डॉक्टर कशाला?"

सळई कोपऱ्यातच होती, टोकाला चांदीचे पांढरे केस चिकटलेले. माधवीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या हातावर घातली. बाटली फुटली, हाड मोडल्याचा आवाज आला. गुलाबी औषध काउंटरवरून खाली गळू लागलं.

"बाळाला डॉक्टरांना दाखवा," ती त्या बाईला म्हणाली. "ह्यांना मी नेते."