पडल्या पडल्या दिसेल असं

"आधी मेन पाड, मग टेस्टर लाव, मग हात. आणि मेन पाडलंय असं दुसऱ्याने सांगितलं, तर स्वतः जाऊन बघ."

पंचवीस वर्षांपूर्वीचा उस्तादांचा आवाज कानात आला आणि वायरमन शिडीवरून पुन्हा खाली उतरला. मेन पडलेलंच होतं. ही तिसरी खेप.

"लोकांच्या घरी नाही एवढे हेलपाटे घालत तुम्ही," पलंगावरून बायको म्हणाली.

"लोकांच्या घरी तू नसतेस."

तिच्या कंबरेचं ऑपरेशन परवावर आलं होतं. त्यानंतर तीन महिने पाठीवर पडून राहायचं. तो दिवसभर कामावर, घरात तिसरं माणूस नाही. दिवा लावायला म्हणून उठली आणि तोल गेला तर? या एका विचाराने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. छताला प्रोजेक्टर टांगायचा, तो आणि दिवा दोन्ही नुसत्या तोंडाने सांगून चालू-बंद व्हायला हवेत, ही कल्पना मात्र तिची. उभ्या जन्मात काही न मागणाऱ्या बाईने एवढं एकच मागितलं होतं.

बोर्ड उघडला, तर आत न्यूट्रलची, म्हणजे परतीची वायरच नाही. जुनं काम, बटणापर्यंत फक्त फेज आणलेली. स्मार्ट स्विच न्यूट्रलशिवाय जागा राहत नाही. छतातल्या पेटीतून नवी वायर ओढता ओढता दुपार सरली. त्यात हातातून एक स्क्रू निसटला, मग दुसरा, मग तिसरा.

"हल्ली स्क्रू साबण लावून विकतात वाटतं," तो म्हणाला.

एरवी त्याच्या फालतू विनोदालाही दाद देणारी बायको हसली नाही. दुखत असेल, त्याच्या मनात आलं. बोटांचं त्याला काही वाटत नव्हतं. महिन्यापूर्वी तपासून झालं होतं. नुसता अशक्तपणा आहे, असं रिपोर्ट आणून तिनेच सांगितलं होतं. दवाखान्याचं सगळं पहिल्यापासून तीच बघायची.

प्रोजेक्टरची मात्र त्याला धास्ती होती. त्याची वीज एकदम तोडून चालत नाही. चित्र गेलं तरी आतला पंखा दोन मिनिटं फिरायला हवा, नाहीतर बल्ब उडतो. तशी सोय त्याने स्विचमध्येच करून ठेवली आणि तिला समजावून सांगितली. तिने पुन्हा सांगायला लावलं. कुठली वायर कुठे जाते, मेनचं कुठलं बटण या खोलीचं, सगळं वहीत उतरवून घेतलं.

"लिहितेस कशाला? बिघडलं तर मी मेलोय का?"

ती खाली मान घालून लिहीतच राहिली.

मग स्विचला आवाज ओळखवायची वेळ आली. आधी तुमचा घ्या, ती म्हणाली. त्याने समजावलं, की पडून ती राहणार, तर आवाजही तिचाच हवा. तिने ऐकलं नाही. उशीवर डोकं टेकून, चित्र नीट दिसतं का तेही त्यानेच बघावं, असा हट्ट धरला. ऑपरेशनच्या तोंडावर वाद नको, म्हणून तो आडवा झाला.

"दिवा बंद," तो म्हणाला. काही झालं नाही. पुन्हा म्हणाला. "माझं कुठे ऐकतोय? तुझ्यावर गेलाय."

तिसऱ्या खेपेला दिवा गेला आणि सुरू करून ठेवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र समोरच्या भिंतीवर, बरोबर नजरेच्या रेषेत, उभं राहिलं. मान तसूभरही उचलावी लागली नाही. कित्येक दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"आता मला तुझी काळजी नाही," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मोरीत नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती उठली. कंबरेला हातही न लावता शिडी मिटून खांद्यावर घेतली, गॅलरीत नेऊन ठेवली. मग गुडघ्यांवर बसून गादीखालून दवाखान्याची फाइल काढली. खोली तयार झाली की मीच त्यांना सांगेन, असा शब्द तिने डॉक्टरांना दिला होता. फाइल छातीशी धरून ती मोरीकडे निघाली. वर नाव त्याचं होतं.